फक्की

घणसोलीच्या आमच्या कॉलेजात
बावीस वर्षं मी मैदान आखतोय.
चुन्याची फक्की, सुतळी, चार खुंट्या.
रेषा वाकडी गेली की आधी मला कळतं,
मग रेफरीला,
डिपार्टमेंटला कधीच नाही.

कारखानीस सर हेड होते तेव्हा
कोच दरवर्षी नवा यायचा,
पतपेढीचं कॅलेंडर यावं तसा.
पहिला खजिनदारांचा भाचा.
गळ्यात शिट्टी, शिट्टीला सोन्याची चेन;
पोरं त्याला मंगळसूत्र म्हणायची.
दुसरा क्रिकेटचा. म्हणाला, बॉल तो बॉल.
तिसऱ्याने मुलाखतीत लॅपटॉपवर बाण दाखवले,
लाल बाण, निळे बाण,
कमिटीने बिस्किटं बुडवत माना डोलावल्या.
चहा मीच नेला होता, म्हणून पाहिलं:
बाणांखाली जे मैदान होतं ते आमचं नव्हतं.
आमच्याला पश्चिमेकडे उतार आहे, खाडीकडे.
दमलेल्या पायांतून सुटलेला बॉल
आपसूक तिकडेच जातो.

नोव्हेंबरात तो गेला. कळव्याकडून आम्ही सात-शून्य हरलो.
सरांनी वार्षिक अहवालात लिहिलं,
"सहभाग उल्लेखनीय."

मग केणी मॅडम आल्या. थाळीफेकीच्या.
पहिल्या दिवशी ऑफिसचं कुलूप तसंच.
सकाळी साडेसहाला चपला हातात घेऊन
या गोलपोस्टपासून त्या गोलपोस्टपर्यंत चालल्या
आणि मला म्हणाल्या,
"पाणी कुठल्या कोपऱ्यात थांबतं?"

मी बोट दाखवलं.
बोट जरा थरथरलं, खोटं कशाला बोलू.
बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

अर्ज एकवीस आले.
वरून फोनही आला असणार,
कारण त्या दुपारी मॅडमचा चहा
साय धरून परत आला.

मुलाखत मैदानावर झाली.
प्रत्येकाला एकच काम:
हा आमचा गोलकीपर, प्रणित मढवी,
सात गोल खाल्लेला. दहा मिनिटं तुमची.
एकाने त्याला स्वतःची सर्टिफिकेटं सांगितली.
एक ओरडला. एकाने पळायला लावलं.
शेवटचा एलायस डाबरे,
रबाळ्यात कंपनीची रात्रपाळी करून आलेला,
पायात अजून सेफ्टी शूज.
त्याने बॉलला हातच लावला नाही.
"सातातला कुठला येताना दिसला होता?"
प्रणित बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तिसरा."
"मग तिसऱ्याचं सांग."
दोघं पोस्टला टेकून बोलत राहिले.
दहाची वीस मिनिटं झाली तरी
मॅडमनी घड्याळ बघितलं नाही.

त्या वर्षी कळव्याकडून परत हरलो, दोन-एक.
पण परतताना बसमध्ये पोरं भांडत होती,
आपला दुसरा गोल कसा हुकला यावर.
हरलेल्या बसमध्ये असलं भांडण
मी पहिल्यांदा ऐकलं.

जूनमध्ये मॅडमची बदली. पनवेलची शाखा.
डाबरेचं पत्र अकरा महिन्यांचं,
पुढच्या सहीसाठी टेबलावर पडून.
नवे हेड अजून मैदानावर आलेले नाहीत.
दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघतात;
तिथून काय, सगळ्याच रेषा सरळ दिसतात.

रविवारी डाबरे मला म्हणाला,
"काका, अख्खं मैदान चार पावलं डोंगराकडे घेऊया का?
तो पाण्याचा कोपरा बाहेर पडेल."
ऑर्डर नव्हती. कागद नव्हता.
पोरांनी गोलपोस्ट उपटले,
मी खुंट्या हलवल्या, सुतळी ताणली.

आता मैदानावर दोन चौकटी दिसतात.
जुन्या रेषेखालचं गवत चुन्याने जळलंय,
त्याला फुटायला एक हंगाम तरी जाईल.
सकाळी प्रणितने विचारलं,
"काका, खरी रेषा कुठली?"

मी हात पुढे केला.
म्हटलं, हा जिचा चुना आहे, ती.